आउटबोर्डचा वॉटर पंप: नुसता इम्पेलर नको, पूर्ण किटच घ्या

आधीच सांगून टाकतो, आउटबोर्ड मोटरचा (बोटीच्या मागे लटकवायच्या इंजिनाचा) वॉटर पंप उघडायची वेळ आली असेल तर नुसता रबरी इम्पेलर, म्हणजे पंपातली पाकळ्यांची फिरती चकती, मागवू नका, हाऊसिंगसकट (पंपाच्या कवचासकट) येणारं पूर्ण किट घ्या. मी दोन्ही वापरलंय, कंपनीचं ओरिजिनल पण आणि बाहेरचं स्वस्तातलं पण, आणि खाली जे लिहितोय ते बसवून, वापरून, पुन्हा उघडून बघून मग लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही कारण किट मोटरच्या मॉडेलप्रमाणे आणि बऱ्याचदा सिरीयल नंबरप्रमाणे बदलतं, माझ्या मोटरला बसलेलं तुमच्या मोटरला बसेलच असं नाही. पण किटमध्ये काय काय हवं, घेताना काय बघायचं आणि कुठे पैसे वाचवायचे नाहीत हे सगळ्या मोटरींना सारखंच लागू आहे.

हा पंप एवढा महत्त्वाचा का ते थोडक्यात. गाडीच्या इंजिनाला रेडिएटर असतो, आत तेच तेच कूलंट फिरत राहतं. बहुतेक आउटबोर्डना तसलं काही नाही, बोट ज्या पाण्यात उभी आहे तेच पाणी खालच्या जाळीतून आत ओढायचं, पंपाने नळीतून वर चढवायचं, ब्लॉक आणि हेडमधून फिरवायचं आणि परत बाहेर सोडून द्यायचं, बहुतेक मोटरींत एक्झॉस्टबरोबर खाली प्रॉपेलरच्या मधूनच. म्हणजे सगळं कूलिंग त्या एका रबरी चकतीच्या जिवावर चाललेलं असतं, जी गिअरकेसच्या (प्रॉपेलरजवळच्या गिअरच्या पेटीच्या) डोक्यावर, पाण्याखाली, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या जागी बसलेली असते. इंजिन ऑइल आपण काडी ओढून बघतो, प्लग काढून बघतो, पण इम्पेलर बघायचा तर अख्खं लोअर युनिट, म्हणजे मोटरचा गिअरकेसचा खालचा भाग, उतरवावं लागतं, म्हणून लोक टाळतात आणि मग हेड गॅस्केट गेल्यावर धावपळ करतात.

आता पंप चालतो कसा, कारण हे कळलं की पूर्ण किट का घ्यायचं ते आपोआप कळतं. इम्पेलरच्या पाकळ्या लवचिक असतात आणि हाऊसिंगची आतली पोकळी शाफ्टच्या बरोबर मध्यावर नसते, एका बाजूला सरकलेली असते. त्यामुळे फिरताना एका बाजूला पाकळ्या दबतात आणि दुसऱ्या बाजूला उघडतात, दोन पाकळ्यांमधली जागा मोठी होताना पाणी आत खेचलं जातं आणि लहान होताना बाहेर ढकललं जातं. हे झालं कमी आरपीएमला. वेग वाढला की पाण्याच्या दाबाने पाकळ्या वाकून भिंतीपासून सुटतात आणि तोच पंप सेंट्रिफ्युगल पंपासारखा पाणी नुसतं बाहेर फेकत राहतो. म्हणजे आयडलला पंपाचा सगळा भरवसा सीलिंगवर आहे, पाकळीचं टोक भिंतीला आणि पाकळीच्या दोन्ही कडा वरखालच्या पत्र्यांना घट्ट टेकल्या पाहिजेत. म्हणून घासलेला पंप आधी आयडलवर आणि हळू चालवताना तक्रार करतो, थ्रॉटल दिला की मोटरच्या मागून पडणारी पाण्याची धार सुधारते आणि माणसाला वाटतं काही नाही, चाललंय.

आणि इथेच नुसता इम्पेलर बदलण्यातली गोम आहे. नवीन रबर तुम्ही जुन्या घासलेल्या भिंतीत आणि जुन्या खाचा पडलेल्या प्लेटवर बसवता. रबर नवं, पण ज्याला टेकून त्याने सील करायचं ते सगळं जुनंच. वाळूच्या किंवा गढूळ पाण्यात चालणाऱ्या बोटीचा पंप उघडून खालची स्टीलची प्लेट कापडाने पुसून उजेडात तिरकी धरून बघा, पाकळ्या जिथे घासतात तिथे गोल गोल रेघा दिसतील. नुसतं बघून कळत नसेल तर मध्यापासून बाहेरच्या बाजूला हळूच नख फिरवा, नख अडकलं तर ती प्लेट कामातून गेली असं समजा. माझ्या जुन्या प्लेटवर नख दोन ठिकाणी चक्क थांबत होतं आणि शाफ्टजवळ पत्र्याची चमकच गेलेली होती. हाऊसिंगमधल्या स्टीलच्या लायनरचं (आतल्या अस्तराचं) पण तसंच, पाणी वर जायचं जिथे भोक असतं त्याच्या कडेला धार आलेली होती, ती धार नव्या इम्पेलरच्या पाकळ्यांची टोकं प्रत्येक फेरीला खरवडत राहिली असती. प्लेट उलटी करून वापरता येते असं बरेच जण सांगतात, काही डिझाइनमध्ये येते पण, पण दुसरी बाजू गॅस्केट चिकटून आणि मिठाने खड्डे पडून खराब झालेली असते, त्यामुळे मला तो उपाय पटत नाही.

ओरिजिनल किटमध्ये मला मिळालं ते असं: लायनर आधीच बसवलेलं हाऊसिंग, इम्पेलर, शाफ्टवरची की (खाचेत बसणारा छोटा तुकडा), खालची प्लेट, वरखालची गॅस्केटं, ओ-रिंग आणि पाण्याच्या नळीचं रबरी सील. ही की दिसायला किरकोळ पण शाफ्टची ताकद इम्पेलरला तीच देते, ती नसली तर शाफ्ट आत मोकळा फिरणार आणि इम्पेलर जागेवर उभा राहणार. जुनी की काढताना बरेचदा हातातून निसटते आणि सापडत नाही, म्हणून किटमध्ये नवीन असणं ही खरोखर सोय आहे. नळीचं सील तर माझ्या मते किटमधली सगळ्यात दुर्लक्षित वस्तू आहे. जुनं सील कडक होऊन आक्रसलं की पंपाने दिलेलं पाणी वर इंजिनात जायच्या आधीच मधल्या लेगमध्ये सांडतं, पंप एकदम ठणठणीत आणि इंजिन मात्र गरम, आणि लोक शोधत बसतात की बिघाड कुठे आहे.

फिटिंगला ओरिजिनल हाऊसिंगला मी पैकीच्या पैकी मार्क देईन. गाइड पिना जागेवर बसल्या, गॅस्केटची भोकं बरोबर जुळली, बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेले. इम्पेलरचं रबर दाबून बघितलं तर पाकळी वाकते आणि सोडल्याबरोबर लगेच सरळ होते, टोकांवर मोल्डिंगची फालतू कड शिल्लक नव्हती. एक तक्रार आहे आणि ती लिहिलीच पाहिजे, सोबत बसवायची माहिती म्हणाल तर एका कागदावर भागांचं चित्र, बस. टॉर्क किती, कुठे कोणतं ग्रीस, कशाला थ्रेडलॉक, यातलं काही नाही. म्हणजे सर्व्हिस मॅन्युअल हाताशी नसेल तर नवख्या माणसाने काय करायचं? एवढ्या महत्त्वाच्या पार्टबरोबर दोन पानं जास्त छापायला काय हरकत होती.

बाहेरच्या कंपनीचं जे स्वस्त किट घेतलं होतं त्याचं सांगतो. रबर जास्त कडक होतं, गॅस्केटचं एक भोक बोल्टच्या रेषेत नव्हतं, ते कापून मोठं करावं लागलं असतं, आणि ओ-रिंग खाचेत बसवली की मधूनच फुगून वर येत होती. इम्पेलर मी तरी वापरून बघितला. मोसम संपल्यावर उघडला तेव्हा पाकळ्या वाकल्या त्याच आकारात राहिलेल्या, बाहेर काढून ठेवला तरी सरळ व्हायला तयार नाहीत. एकही पाकळी तुटलेली नव्हती, चित्रात दाखवला तर कोणी चांगलाच म्हणेल, पण अशा पाकळ्या भिंतीला पूर्ण टेकत नाहीत आणि आयडलला पाणी कमी पडतं. बाहेरची सगळीच किटं वाईट असतात असं मी म्हणत नाही, नुसते इम्पेलर आणि पंपच बनवणाऱ्या चांगल्या कंपन्या आहेत आणि त्यांचा माल कधीकधी ओरिजिनलच्या तोडीस तोड असतो. पण पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नाही, पार्ट नंबर नाही, अशा पाकिटाला हात लावू नका.

घेताना एक तपासणी नक्की करा, हातातच होते. इम्पेलरच्या मध्यभागी धातूचं किंवा प्लॅस्टिकचं हब असतं आणि रबर त्याला चिकटवलेलं असतं. एका हाताने हब धरा आणि दुसऱ्या हाताने रबर पिळायचा प्रयत्न करा. हब रबरापासून सुटत असेल तर तो इम्पेलर फेकून द्यायच्या लायकीचा. वापरलेल्या इम्पेलरमध्ये हा दोष फार फसवा असतो कारण पाकळ्या सगळ्या शाबूत दिसतात, हाताने शाफ्ट फिरवला की इम्पेलर पण फिरतो, पण पाण्याचा जोर आला की हब आतल्या आत फिरतं आणि रबर जागेवर थांबतं.

बसवायचं काम अवघड नाही पण घाईचं पण नाही. किल स्विचची क्लिप काढा, बॅटरी सोडवा, प्लगच्या वायरी काढून ठेवा, म्हणजे प्रॉपेलर फिरवताना चुकून इंजिन स्टार्ट व्हायला नको. गिअर कुठे ठेवायचा ते मॉडेलवर आहे, मॅन्युअल बघा, कारण शिफ्ट रॉड (गिअर बदलणारी कांडी) परत जुळवताना त्यावरच सगळं अवलंबून आहे. बोल्ट काढताना ट्रिम टॅबच्या (प्रॉपेलरच्या वरच्या छोट्या पात्याच्या) खाली लपलेला बोल्ट खूप मोटरींना असतो, सगळे काढले तरी युनिट सुटत नाहीये असं वाटलं तर पाना घालून उचकटायच्या आधी तिथे बघा, आणि टॅब काढायच्या आधी तो कुठल्या कोनात आहे त्याची खूण करून ठेवा नाहीतर नंतर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं. खाऱ्या पाण्यातल्या मोटरीत स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये अक्षरशः जाम होतात, दोन वेगळे धातू आणि मध्ये मिठाचं पाणी, मग गंज धरणारच. तिथे जोर लावून बोल्टचं डोकं तोडण्यापेक्षा पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर सोडा, मग थोडी उष्णता द्या, आणि परत बसवताना प्रत्येक आट्यावर मरीन ग्रीस.

इम्पेलर हाऊसिंगमध्ये घालताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, पहिल्या काही क्षणांत पाणी पोचेपर्यंत रबर कोरडं घासायला नको. हाऊसिंग खाली दाबताना शाफ्ट त्याच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने फिरवत राहायचं, बहुतेक मोटरींत वरून बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, म्हणजे सगळ्या पाकळ्या बरोबर बाजूला वाकतात. एकदा बसला की उलटा फिरवू नका. ड्राइव्हशाफ्टच्या टोकाजवळच्या उभ्या खाचांना (स्प्लाइनना) बाजूने ग्रीस लावा पण शाफ्टच्या अगदी टोकावर ग्रीसचा गोळा ठेवू नका, तो वर अडकून बसतो आणि शाफ्टला पूर्ण आत जाऊ देत नाही. आणि युनिट वर चढवताना पाण्याची नळी सीलमध्ये गेली की नाही हे टॉर्च लावून डोळ्यांनी बघा, अंदाजाने नाही. दोन माणसं असतील तर हे काम फार सोपं होतं, एकाने युनिट तोलून धरायचं आणि दुसऱ्याने नळी आणि शिफ्ट रॉड जागेवर आणायचा.

किटची सगळ्यात मोठी उणीव माझ्या मते ही की त्यात थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडणारी पाण्याची झडप) आणि त्याचं गॅस्केट नसतं. वेगळं मागवावं लागतं, आणि वेगळं म्हटलं की लोक मागवतच नाहीत. पाण्याच्या वाटेवर पंप हे एक टोक आणि थर्मोस्टॅट हे दुसरं, एक बदलून दुसऱ्याकडे बघायचंच नाही हे अर्धवट काम आहे. खाऱ्या पाण्यावरच्या मोटरींचे थर्मोस्टॅट मुद्दाम कमी तापमानाला उघडणारे असतात, काहींचे साधारण ५० अंश सेल्सिअसला तर कितीतरी फोर स्ट्रोकचे ६० च्या आसपास, कारण त्याहून जास्त गरम झालं की पाण्यातले क्षार आत थर धरायला लागतात. तुमच्या थर्मोस्टॅटवर आकडा कोरलेला असतो. तपासायचा असेल तर त्याच्या झडपेत दोरा अडकवून पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, थर्मामीटर ठेवा आणि पाणी हळूहळू तापवा. झडप उघडली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट खाली पडतो, त्या वेळचं तापमान बघा आणि कोरलेल्या आकड्याशी ताडून घ्या. इतका साधा आणि इतका खात्रीचा प्रयोग दुसरा नाही.

जुन्या इम्पेलरची एखादी पाकळी तुटलेली निघाली तर काम तिथे थांबवा. पाकळ्या मोजा आणि तुटलेले तुकडे सापडेपर्यंत मोटर जोडू नका, कारण ते तुकडे पाण्याबरोबर वर गेलेले असतात. ओळखीतल्या एकाच्या मोटरीला नवीन पंप बसवूनही हाय स्पीडला इंजिन गरम झाल्याचा बझर वाजत होता. थर्मोस्टॅटचं झाकण उघडलं तेव्हा झडपेच्या मागे नखाएवढा काळा रबराचा तुकडा आडवा बसलेला, कडा अजून धारदार, आणि त्याच्याभोवती मीठ आणि वाळू घट्ट जमलेली. चिमट्याने तो काढला, पॅसेज पाण्याने धुतले आणि विषय संपला. पंपात काही दोष नव्हता. झाकण उघडलंच आहे तर जवळचा आतला ॲनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) पण बघून घ्या, बऱ्याच मोटरींना ब्लॉकमध्ये असतो आणि तो पण बाहेरच्या ॲनोडसारखा झिजतो, पण त्याच्याकडे कोणी बघत नाही.

आता मागून पडणाऱ्या धारेबद्दल, कारण किट बसवल्यावर सगळे त्याच धारेवर निकाल लावतात. धार आली म्हणजे पंप पाणी उचलतोय एवढं नक्की कळतं. पण ती धार मुख्य वाटेवरून फुटलेली एक लहान फांदी असते, ती जोरात असूनही थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असू शकतो आणि हेड तापत असू शकतं. आणि उलट, धार बारीक झाली म्हणजे पंप गेलाच असंही नाही, कितीतरी वेळा त्या छोट्या नळीच्या तोंडात कुंभारमाशीचं मातीचं घर किंवा मिठाचा खडा असतो, गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी आत सारून बघा. आधी ते करा, मग पंप उघडायचा विचार करा. नवीन किट बसवल्यावर मी इन्फ्रारेड थर्मामीटरने हेडच्या आणि थर्मोस्टॅटच्या आसपास आयडलवर आणि थोड्या वाढलेल्या आरपीएमवर तापमान बघितलं, ते स्थिर राहिलं, तेव्हाच किट पास केलं.

टेस्टिंगसाठी आणि रोजच्या फ्लशिंगसाठी जे कान असतात, पाण्याच्या पाइपला जोडून जाळीवर लावायचे रबरी कप, त्यांच्यावर पण दोन शब्द. नुसत्या तारेच्या पकडीवर राहणारे गोल कप इंजिनाच्या थरथरीने सरकतात आणि जाळी उघडी पडते, ते मला अजिबात आवडले नाहीत. दोन्ही बाजूंनी आवळता येणारे मोठे चौकोनी कप जास्त भरवशाचे. काही मोटरींना समोर किंवा प्रॉपेलरच्या वरच्या आडव्या प्लेटच्या खाली पण जास्तीच्या जाळ्या असतात, त्यांच्यावर टेप लावायला मॅन्युअल सांगतं, नाहीतर पंप तिथून हवा ओढतो. क्रम कायम एकच, आधी पाणी चालू, मग इंजिन, आणि बंद करताना आधी इंजिन, मग पाणी. कोरडा इम्पेलर काही सेकंदांत जळायला लागतो, कारण त्याला वंगण म्हणून फक्त पाणीच असतं. आरपीएम आयडललाच ठेवा आणि प्रॉपेलरपासून लांब राहा. मोटरीवरच जे फ्लशिंगचं तोंड दिलेलं असतं त्यातून धुताना बऱ्याच कंपन्या इंजिन बंद ठेवायला सांगतात, कारण वरून दिलेलं पाणी इम्पेलरपर्यंत पुरेसं पोचेलच असं नाही. पण इंजिन बंद ठेवून धुतलं तर थर्मोस्टॅट उघडत नाही, त्यामुळे अधूनमधून कान लावून इंजिन गरम होईपर्यंत चालवून धुणं मला तरी गरजेचं वाटतं.

किती दिवसांनी बदलायचं याला कंपनीचा आकडा पहिला, तासांवर आणि वर्षांवर जे आधी होईल ते, सहसा दोन ते तीन वर्षांच्या आत बसतं. बोट वाळूवर लागत असेल, उथळ गढूळ पाण्यात चालत असेल तर दर मोसमाला उघडून बघा. आणि मोटर महिनोन्महिने उभी असेल तर तास कमी भरले म्हणून निर्धास्त राहू नका, उभ्या मोटरीत पाकळ्या त्याच जागी दाबून राहतात आणि रबर तिथेच आकार धरतं.

माझा हिशोब असा: ओरिजिनल पूर्ण किट पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो माहितीचा कागद आणि थर्मोस्टॅट नसल्याबद्दल. नुसता ओरिजिनल इम्पेलर, प्लेट आणि लायनर नखाला गुळगुळीत लागत असतील तरच, पाचपैकी तीन. बिननावाचं किट पाचपैकी एक, तो पण फक्त त्यातल्या कीसाठी. लांब जाणाऱ्यांनी बोटीवर एक इम्पेलर, एक की आणि एक गॅस्केट स्पेअर ठेवा, मूळ पाकिटातच, उन्हापासून आणि पेट्रोलच्या कॅनपासून लांब, वर काही जड ठेवू नका म्हणजे पाकळ्या दबणार नाहीत, आणि लोअर युनिटच्या बोल्टला लागणारा पाना त्याच पिशवीत टाका.